बिनकडीच्या दाराची बखर

श्री. ज्याचे दारी कोणास पुसत नाहीत, उंदीर देखील वाहन होऊन थेट गाभाऱ्यात जातो, त्या गजाननास नमन असो. शारदेस नमन, परंतु या कज्ज्यात तिला दरबारी बोलाविले नव्हते. शके सोळाशे त्रेसष्ट, दुर्मतिनाम संवत्सर, वैशाख मास, अमुक राज्यात (राज्याचे नाव लिहू नये ऐशी आज्ञा, आज्ञा कोणाची तेही लिहू नये ऐशी दुसरी आज्ञा) बाजारच्या शौचकूपावरून जो थोर कज्जा जाहला त्याचे वर्तमान पुसिले, ऐसीयास जे घडले ते लिहितो, आणि जे घडले नाही ते दरबारच्या दप्तरी आहेच.

राज्य थोर. महाराज कृपाळू, प्रजेवर पुत्रवत प्रेम, म्हणजे दिवाळीस दिवाळीस तोंड पाहात. नगरात बाजार मोठा भरे, आणि बाजाराचे टोकास दोन शौचकूप होते, एक बायकांचा, एक पुरुषांचा, ते थोरल्या आईसाहेबांनी, म्हणजे महाराजांच्या आजींनी, बांधविले, कारण एकदा पालखी बाजारातून जात असता प्रसंग खुद्द आईसाहेबांवर गुदरला होता, आणि राज्यकर्त्यांस प्रजेचे दुःख कळण्याचा दुसरा मार्ग अद्याप सापडलेला नाही. आवार चिरेबंदी, आत पाण्याचा रांजण, पुढे कोठड्या, कोठड्यांस सागवानी दारे. दारांस कड्या मात्र नव्हत्या. कड्यांचे लोखंड आले होते, आणि त्याच दिवशी स्वारीच्या घोड्यांचे नाल झिजले, मग लोखंड घोड्यांस पावले. घोडे पुढे म्हातारे होऊन मेले. कडी आली नाही.

मग बायकांनी आपली रीत पाडिली. एक आत जाई आणि दुसरी दारास बाहेरून पाठ लावून उभी राही, यास दार धरणे म्हणत. धरणारीने मुकाट उभे राहू नये, काही ना काही बोलत असावे, कारण आतलीस आवाजावरूनच कळे की पाठ जागेवर आहे. बोलणे खंडले की आतून पुसावे, "हाय का गं?" आणि बाहेरून म्हणावे, "हाय." मग आतलीचा जीव भांड्यात पडे. या रीतीने सासवांची गाऱ्हाणी, म्हशींची वितें, कोणाचा नवरा कोणत्या आळीत दिसला, हे सर्व त्या दाराशी बोलले जाई, आणि राज्याचे हेर ज्या बातम्यांसाठी वेष पालटून हिंडत त्या बातम्या तेथे शिळ्या होऊन पडत. आणि दंडक ऐसा की, दार धर म्हणोन कोणी म्हटले तर नाही म्हणू नये, जन्माचे वैर असले तरी म्हणू नये. हा दंडक कोणी लिहिला नव्हता, म्हणून कोणी मोडला नव्हता.

याच बाजारात अनसा म्हणोन शिकेकाई, रिठे, दातवण विकणारी होती. तिचे जन्मसमयी सुईणीने मुलगा जाहला म्हणोन आरोळी दिली. अनसेने वयात येताच ती आरोळी नामंजूर केली आणि लुगडे नेसली, आणि घरच्यांनी दार लाविले (त्या दारास कडी होती), मग चालत चालत या नगरी आली. अंगाने उंच, खांदे रुंद, आवाज रिकाम्या रांजणातून यावा तैसा, आणि जिभेस धार. आली त्या दिवशी पुरुषांचे आवारी गेली. तेथे

(येथे एक ओळ खरवडून काढिली आहे. अनसा म्हणाली हे लिहू नका. तोवर लिहून जाहले होते.)

मग फाटका पदर धरून भिंतीशी उभी असता एका म्हाताऱ्या माळणीने तिचे मनगट धरिले आणि बायकांचे आवारी ओढीत नेले आणि दारापुढे उभी केली आणि म्हणाली, "रडतीस काय भवाने? हितं हुभी ऱ्हा, दार धर. मला घाई हाय." अनसेने दार धरिले. माळीण आतून ओरडली, "बोल की काहीतरी! मुकी हायस का?" तेव्हा अनसा बोलू लागली, आणि त्यास एक तप लोटले, माळीण वारली, अनसा अद्याप बोलतच होती. हीच तिची सनद, हाच शिक्का. पुढे बायकांस अनसाच दाराशी हवी, कारण पाठ रुंद, बोलणे न संपणारे, आणि भिंतीपलीकडे कोणी खाकरला तर ती आवारातून ऐशी हाक मारी की खाकरणारा आपला खोकलाही तेथेच टाकून पळे.

एकट्या ठकूबाई ताकवालीस ती दाराशी नको. कारण ऐसे की, मागे आवाराच्या पाठभिंतीचा एक चिरा निखळला होता, आणि ठकू आत असता त्या भोकातून कोतवालाचे मेहुणे डोकावले आणि खाकरले. मेहुणे लुगडे नेसून आले नव्हते. पागोटे, उपरणे, कानी भिकबाळी, ऐसा संपूर्ण जामानिमा करून, पुरुष म्हणोनच आले होते. ठकूने फिर्याद केली. दरबारातून निवाडा आला की ते पाखरू असावे. ठकू म्हणाली पाखरू तपकीर ओढते काय, तेव्हा निवाडा आला की बायकांनी पाखरांकडे पाहू नये. चिरा कोणी बसविला नाही, ठकूने आपणच तेथे फुटकी घागर लाविली, आणि तेव्हापासून दाराआड जाड आवाज आला की तिचे अंग आखडे.

ती अनसेस म्हणाली, "तुझं माझं वैर न्हाय गं. पर त्यो खाकरला व्हता ना, त्याच जातीचा आवाज हाय तुझा. तू भाईर बोलतीस नि मी आत दगड हुते. जाते तशीच भरल्याली परत येते."

"मग मी गप हुभी ऱ्हाते."

"गप म्हंजे तर आनिकच भ्या."

"बारीक आवाज काढू का?" म्हणोन अनसेने बारीक आवाज काढिला, तो गाडीच्या चाकाखाली मांजरीचे शेपूट सापडावे तैसा निघाला, मग दोघी पोट धरून हसल्या. परंतु हसल्याने भय जात नाही, इतके दोघींस ठाऊक होते. तेव्हा त्यांनी आपसात तह केला: ठकू येताना दिसली की अनसेने बाहेर शिकेकाईचे पोत्याशी जाऊन बसावे, ठकूचे जाहले की पुन्हा यावे. आणि अनसेने आपण होऊन आणखी एक कलम पाळिले, ते ठकूसही ठाऊक नव्हते, की ठकूस आपले दार धर म्हणू नये, कारण दंडकापुढे तिला नाही म्हणता येणार नाही. या तहास वकील नव्हते, साक्षीदार नव्हते, मोर्तब नव्हते, म्हणून तो उत्तम चालला.

त्या साली तळ्याचा बांध फुटला. प्रजा प्रधानजींस पुसू लागली की बांध केव्हा, आणि प्रधानजी कुलदैवतास नवस करू लागले की बांधाहून मोठे काहीतरी पाठीव. दैवत पावले. वेदशास्त्रसंपन्न धुंडिराजशास्त्री परमुलखातून यात्रा करून आले, आणि येताना तेथील एक वाद घेऊन आले. या राज्यात पूर्वी अरबी घोडे येत, चिनी रेशीम येई, आता वादही तयार येऊ लागला, त्यास घडी मोडण्याचेही श्रम नव्हते. शास्त्रीबोवा दरबारी उभे राहून गर्जले, "महाराज, बायकांचे आवारात पुरुष शिरला आहे! कुलस्त्रियांची अब्रू धोक्यात आहे!"

महाराज दचकले आणि म्हणाले, "बाजारात शौचकूप आहे?"

प्रधानजी म्हणाले, "आहे, सरकार. आपल्याच आजीसाहेबांनी बांधिला."

"मग आम्हांस कोणी दाखविला कसा नाही?"

मग दरबार भरला आणि स्त्री म्हणजे काय यावर चर्चा सुरू जाहली. चांद्रायण व्रताप्रमाणे ती रोज घासाघासाने वाढे. शास्त्रीबोवांनी स्त्रीची सोळा लक्षणे सांगितली, त्यांतील नववे लक्षण मितभाषण हे होते, तेणेंकरून राज्यातील एकही स्त्री स्त्री ठरेना, मग ते लक्षण मागे घेतले. समोर सरदार निळकंठराव उभे राहिले, वय तरुण, अंगरखा परदेशी, दयेचे भरते नित्य येई. ते म्हणाले, "स्त्री ही देहात नसते, भावनेत असते," आणि डोळे पुसले. शास्त्रीबोवा म्हणाले, "भावना लघुशंकेस जात नाही, देह जातो." सरदार म्हणाले, "आपण क्रूर आहां." शास्त्रीबोवा म्हणाले, "आपण पाखंडी आहां." प्रजा सज्जांतून ऐकत होती, ती दोन तट होऊन एकमेकांस चिखल मारू लागली, आणि तो चिखल फुटलेल्या बांधाचाच होता, परंतु बांधाची आठवण कोणास राहिली नाही. प्रधानजींनी कुलदैवतास चांदीचा मुखवटा वाहिला.

मग कोणी म्हणाले की, बाजारच्या बायकांस पुसावे. हे मत अपूर्व म्हणोन गाजले, आणि बायका बोलाविल्या, त्या हातातील कामे टाकून आल्या, आणि ठकूबाई पुढे होऊन बोलली ती ऐसी:

(येथे बायकांची जबानी होती. पान उंदरांनी खाल्ले. याच दप्तरात शास्त्रीबोवांची जबानी एकोणीस पाने आहे, तीस दातही लागलेला नाही. उंदीर दरबारचेच होते.)

एवढा तुकडा मात्र वाचता येतो: "...भ्या मला वाटतं, खोटं न्हाय. पर म्या सांगितलं ते भाईरनं डोकावनाऱ्याचं, आन् तुमी धरताय आत जानारीला. त्या भोकाला अजून माजीच घागर हाय. आदी चिरा बसवा, कडी लावा, मंग..." पुढे शेपटाची खूण आहे.

इकडे निळकंठरावांनी अनसेस आपले वाड्यावर मेजवानीस बोलाविले, की थोरामोठ्यांनी तीस पाहावे आणि सद्गदित व्हावे. अनसा नवे लुगडे नेसून गेली. तेथे तिला उंच पाटावर बसविली आणि पाहुणे एकेक येऊन म्हणत, "किती सोसले असेल!" आणि पुरण वाढून घेत. सरदारांनी तिजवर केलेला पोवाडा स्वतः म्हटला, त्यात तिचा बाप वाघाने खाल्ला होता. अनसा म्हणाली, "माजा बाप जित्ता हाय, सरकार. माज्यापरीस धडधाकट हाय." सरदार म्हणाले, "वाघाने रस उत्तम येतो." मग तिसरे प्रहरी अनसेने हळूच यजमानास पुसिले की वाड्यात बायकांची सोय कोणीकडे. तेव्हा सरदारांचे मुखावरील दया किंचित सरकली. ते म्हणाले, "अनसाबाई, आम्ही सर्वथा आपले आहोंत. परंतु आमचे घरात... मातोश्री जुन्या वळणाच्या. आपण समजून घ्याल. मुद्दा तत्त्वाचा आहे." अनसा म्हणाली, "व्हय सरकार. पर माजा मुद्दा पोटाचा हाय." आणि पुरण तसेच टाकून बाजाराकडे पळाली.

मग खुद्द अनसेस दरबारी उभे केले. शास्त्रीबोवांनी पुसिले, "तुझे जन्मनाम काय?"

"ते मेलं, बोवा. त्याचं सुतकबी फिटलं."

"तू पुरुषांचे आवारी का जात नाहीस?"

"तुमी या एकदा माज्यासंगं. लुगडं मी देते."

दरबार हसला, महाराजही हसले, मग हसू नये ऐसे प्रधानजींनी खुणावल्यावरून थांबले. महाराज दयार्द्र होऊन म्हणाले, "मुली, तुझे मागणे तरी काय?" 'मुली' म्हटले म्हणोन शास्त्रीबोवा सभा सोडून निघाले, त्यांस मागे आणिले. अनसा म्हणाली, "मागनं मोठं न्हाय, महाराज. मी तांबडं फुटताना दुकान मांडते, दिवं लागताना उचलते. मधी मला एकदा-दोनदा जायाचं असतं. एवढंच. तुमचं बी तसंच असंल."

महाराजांस हे प्रथमच कळले की आपले आणि प्रजेचे काही एक सारखे आहे, त्यांनी बहुत काळ विचार केला, मग तो विचार थोर म्हणोन प्रधानजींचे स्वाधीन केला. प्रधानजींनी हुकूम काढिला की, कज्ज्याचा निकाल होईपर्यंत अनसेने कोणत्याही आवारी जाऊ नये. आणि बायकांचे रक्षणार्थ बायकांचे आवाराचे दाराशी शिपाई उभा करावा, त्याने येणारीची बाईपणाची खातरजमा करावी. या हुकुमाने शास्त्रीबोवा संतुष्ट, कारण बंदी जाहली. सरदार संतुष्ट, कारण अन्याय जाहला आणि पोवाड्यास दुसरा भाग मिळाला. आणि बायकांचे आवाराचे दाराशी, बायकांचे रक्षणार्थ, मिशीवाला पुरुष उभा राहिला. यात कोणास काही विपरीत दिसले नाही. येथे लेखणी मोडली. दुसरी घेतली.

शिपायाचे नाव राणोजी, बापडा सरळ मनाचा, दहा रणांत न लाजलेला, या एका नेमणुकीने लाजून लाल जाहला. पहिलेच दिवशी त्याने ठकूबाईस अडविले. ताक विकून विकून ठकूचा घसा बसलेला, ओठावर थोडी लव, आणि घागरी वाहून खांदे भरलेले.

राणोजी भिंतीकडे पाहात म्हणाला, "बाई, हुकूम आहे. खातरजमा करायची."

"कशी करनार?"

"ते हुकमात लिहिलं नाही."

"आरं मुडद्या, मला पाच पोरं हायती!"

"ती संगं आणा."

ठकू म्हणाली, "पाची जन्मली तवा दरबार कुटं गेलता? तवा न्हाय कुनी इचारलं बाई का बुवा!" आणि घागर डोईवर घेऊन परत फिरली, आणि तिजमागे आणखी बायका फिरल्या, कारण मिशीपुढे उभे राहून आपले बाईपण हळू आवाजात कोण सांगेल? मग बायकांनी सकाळचे पाणी पिणे सोडिले. वैशाखाचे ऊन, तोंडे सुकलेली, ताक विकणारी ताक प्यायना, कलिंगड विकणारी कलिंगड चाखीना. आठवड्याने सगळ्या बाजारास उन्हाळी लागली, जळजळ होई, ताप भरे. वैद्य सर्वांस एकच औषध देई, धन्याचे पाणी पुष्कळ प्या. पाणी पुष्कळ प्यावे, मग जावे कोठे, हे वैद्याचे ग्रंथात नव्हते. शास्त्रीबोवांनी दरबारात कळविले की, हुकूम जाहल्यापासून बायकांचे आवारात एकही गैरप्रकार नाही. खरेच होते. आवारात कोणी नव्हतेच.

अनसेचे हाल सर्वांत अधिक. बाजार उठेतो ती धरून राही, मग वेशीबाहेर निवडुंगाआड जाई, तेथे टवाळ पोरे टपून असत, म्हणोन पुढे तेही सोडिले. मग ओठावर पाण्याचा थेंब न घेता ती शिकेकाई विकी, आणि अंगात ताप, आणि कंबरेत कळ. वैद्याने नाडी पाहून स्पष्ट सांगितले, "अशीच धरून राहिलीस तर एक दिवस हे सारे आतच फुटेल आणि तुझा निकाल दरबाराआधी लागेल." बायका तिचे पोत्याशी येऊन चुकचुकत. ठकू येई, ताकाची लोटी पुढे करी, अनसा ती परत सारी.

"घे की. विष न्हाय."

"ताक ग्वाड हाय गं. त्ये पोटात गेल्यावर मला कुटं नेशील?"

ठकूने लोटी खाली ठेविली. तेथेच उकिडवी बसून राहिली.

आता दरबारास तोड सुचली. प्रधानजी म्हणाले, "दोहों आवारांचा वाद आहे, तर तिसरा महाल बांधू. अनसेचा स्वतंत्र." हे ऐकोन दोन्ही तट डोलले. शास्त्रीबोवा म्हणाले आम्ही जिंकलो, ती बाहेर गेली. सरदार म्हणाले आम्ही जिंकलो, तिला महाल मिळाला. मग पाथरवट आले, कमान कोरली, कमानीवर दोन मोर, मोरांचे चोचीत कमळे, आणि खाली शिलालेख: महाराजांचे नाव, आजीसाहेबांचे नाव, प्रधानजींचे नाव, मग शास्त्रीबोवा आणि सरदार यांत कोणाचे नाव वर यावे यावरून काम थांबले, शेवटी दोन्ही नावे एकाच ओळीत, एक डावीकडून, एक उजवीकडून कोरली. अनसेचे नाव कोरण्यास जागा उरली नाही. पुढले अंगास सागवानी दार बसविले, आणि त्या दारास, वाचणाऱ्याने हे दोनदा वाचावे, कडी होती. कडी बाहेरून होती.

मुहूर्ताचे दिवशी बाजार झाडविला, तोरणे लाविली, चौघडा बसला. बायकांस दोरापलीकडे उभे केले, आणि त्यांचे आवारापुढे राणोजी नेहमीप्रमाणे. महाराज आले, शास्त्रीबोवांनी मंत्र म्हटले, सरदारांनी पोवाड्याचा दुसरा भाग म्हटला, त्यात वाघ पुन्हा आला. मग प्रधानजी अनसेस म्हणाले, "महालाचा प्रथम उपभोग आपण घ्यावा. सर्व दरबार बाहेर उभा आहे."

अनसेचे अंगात ताप होता. ती म्हणाली, "चौघडा तरी थांबवा."

"चौघडा मुहूर्ताचा आहे."

मग अनसा चौघड्याचे तालावर, हजार माणसांचे डोळ्यांदेखत, मोरांखालून आत गेली, आणि जैशी गेली तैशी बाहेर आली.

महाराज म्हणाले, "इतक्यात जाहले?"

"महाराज, आत खड्डा न्हाय."

चौघडा थांबला. प्रधानजी आत डोकावले, शास्त्रीबोवा डोकावले, सरदार डोकावले. आत सारवलेली सपाट जमीन, आणि भिंतीस कमळे. मसलतीत जितके शहाणे होते त्यांस कमान सुचली, मोर सुचले, शिलालेख सुचला. खड्डा कोणास सुचला नाही, कारण त्यांचे वाड्यांतून खड्डा हा आपोआप असतो आणि आपोआप साफ होतो, ऐसी त्यांची समजूत. प्रधानजी खाकरून म्हणाले, "खड्ड्याची मसलत पुढील साली." आणि चौघड्यास खूण केली.

अनसेने कोणाकडे पाहिले नाही. ती पोट धरून गर्दीतून चालू लागली, आणि जुने पाय जुन्या वाटेने जातात, ते तिला बायकांचे आवाराशी घेऊन आले. राणोजीने भाला आडवा धरिला. तो म्हणाला, "अनसाबाई, मला पोरंबाळं हायत. जाऊ नका."

अनसा भिंतीस टेकली. डोळ्यांपुढे अंधारी आली, तरी ती कोणास हाक मारीना. दोरापलीकडे बायका उभ्या, आणि सर्वांत पुढे ठकू. अनसेने तिच्याकडे पाहिले आणि मान वळविली.

मग ठकू दोराखालून वाकून आली. येऊन म्हणाली, "मागायला काय झालंय तुला? तोंड शिवलंय का?"

"तुला न्हाय म्हनता येनार न्हाय. म्हनून."

बारा वर्षांत दार धर म्हणोन अनसा आपणापाशी एकदाही का आली नाही, हे ठकूस तेव्हा कळले. मग तिने अनसेचे मनगट धरिले, जैसे माळणीने धरिले होते तैसे, आणि राणोजीस म्हणाली, "भाला बाजूला घे."

"हुकूम आहे, मावशी."

"तू हुकूम धर. मी दार धरते. दोनी कामं हुतील."

राणोजीने महाराजांकडे पाहिले. महाराज मोर पाहात होते. मग राणोजीने भाला उभा केला, आणि पाठ फिरविली, आणि त्या नेमणुकीत त्याने केलेले रक्षण ते एवढेच.

अनसा कोठडीत गेली. ठकूने दारास पाठ लाविली. बाहेर चौघडा पुन्हा वाजू लागला होता, त्यामुळे मोठ्याने बोलणे प्राप्त, परंतु ठकूस बोलणे सुचेना. या बाईबरोबर दाराशी काय बोलावे याचा तिला सराव नव्हता. ती म्हणाली, "ताक आंबलं आज." मग म्हणाली, "लई आंबलं." मग ती गप्प जाहली, आणि तिचे डोळे पाठभिंतीकडे गेले, जेथे तिची फुटकी घागर अद्याप होती.

आतून जाड आवाज आला, कापरा, बारा वर्षे बाहेर राहिलेला आणि आज प्रथमच ठकूच्या पाठीमागून येणारा:

"हाय का गं?"

ठकूचे अंग आखडले. ते तिने आखडू दिले. पाठ दारावरून हलविली नाही.

"हाय," ती म्हणाली. "सावकाश हु दे."

मग अनसा बाहेर आली, रांजणातील पाणी घेतले, हातपाय धुतले, तोंड धुतले, आणि पदराने पुसत म्हणाली, "तुजं धरू?"

"नगं. अजून नगं."

"बरं."

दोन पावले जाऊन ठकू थांबली आणि मागे न पाहता म्हणाली, "उद्या इचार. उद्या बी नगंच म्हनीन. पर इचार."

एवंच या कज्ज्यात शास्त्रीबोवांचा जय जाहला, सरदारांचा जय जाहला, प्रधानजींस मानाची वस्त्रे जाहली, आणि महाराजांचे नाव मोरांखाली अजरामर जाहले. तिसऱ्या महालात आता मिरवणुकीची निशाणे ठेवितात, बाहेरून कडी आहे म्हणोन सोयीचे पडते. राणोजीने बदली मागितली, ती मिळाली. दुसरा शिपाई नेमण्याचा दरबारास विसर पडला, कारण तोवर परमुलखातून दुसरा वाद येऊन उतरला होता. तळ्याचा बांध फुटलेला आहे. चिरा निखळलेला आहे. अनसा रोज पुसते, ठकू रोज नगं म्हणते. आत जाणारी मात्र आतून हाक मारते, आणि बाहेर कोणी ना कोणी असते, इतके या लिहिणाऱ्याने आपल्या कानांनी ऐकिले. बहुत काय लिहिणे. कडी आली की कळवू.